नेटवर्कला मराठी नाव देण्याआधी

वायफायचं नाव मराठीत ठेवायचं ठरवलंय ना? मग आधी कागद-पेन्सिल घ्या. राउटरला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात, आणि एसएसआयडीला, म्हणजे वायफायच्या नावाला, मिळतात मोजून ३२. इंग्रजी अक्षर एका बाइटात भागतं; यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत देवनागरीच्या दर चिन्हाला तीन लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, मोडलेला पाय, सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे हाताशी दहा चिन्हं.

आमच्या मजल्यावर एकाने हौसेने ‘शेजाऱ्यांचा’ असं नाव ठरवलं. श, मात्रा, ज, काना, ऱ, मोडलेला पाय, य, काना, अनुस्वार, च, काना. अकरा त्रिक तेहेतीस! एका बाइटाने हुकलं. अशा वेळी राउटरने नाव नाकारलं तर नशीब समजा; मुकाट शेपूट कापलं, तर शेवटच्या कान्याचे दोनच बाइट उरतात आणि मोबाइलवर तिथे चौकोन दिसतो. अनुस्वार काढून एकाच शेजाऱ्यावर भागवलं, तर ३० बाइटांत बसतं.

बसतं, पण तो ऱ कसा टाइप केलाय त्यावर. एखादा कीबोर्ड ऱ हे एकच चिन्ह देतो, दुसरा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, तिसरा र, मोडलेला पाय आणि मागोमाग न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखेच. बाइट मात्र ३०, ३३ आणि ३३. नाव छोटं असलं तरी सुटका नाही. फोन एसएसआयडी बाइट न् बाइट जुळवतो, म्हणून वेगळे बाइट म्हणजे त्याच्या लेखी वेगळं नेटवर्क. शिवाय डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत पासवर्डापासून किल्ली बनवताना त्यात एसएसआयडीही मिसळला जातो. तेव्हा नाव एकदाच टाइप करा, यूटीएफ-८ फाइलीत ठेवा आणि वायफाय देणाऱ्या प्रत्येक यंत्रावर (ॲक्सेस पॉइंट) तिथूनच चिकटवा. लिनक्सवर बाइट मोजताना ‘प्रिंटएफ’ (printf) ही आज्ञा वापरा. ‘एको’ (echo) ओळ संपल्याचा एक बाइट जास्तीचा जोडतो.

पासवर्डात मराठीची हौस नको. तिथे साधी आस्की चिन्हंच, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं, चालतात, ८ ते ६३. मराठी कीबोर्ड चालू राहिला की आकडेही देवनागरी उमटतात, आणि ठिपक्यांआड ते कुणालाच दिसत नाहीत.

डीएचसीपीतून, म्हणजे यंत्रांना नेटवर्कचा पत्ता आणि सेटिंग आपोआप देणाऱ्या सेवेतून, यंत्रांना नावं देणार असाल, तर तिच्या १२ नंबरच्या ऑप्शनमध्ये (सेटिंगच्या रकान्यात) रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि हायफन, एवढंच. डोमेन मराठी असेल तर त्याचं प्युनीकोड रूप, म्हणजे रोमन अक्षर-आकड्यांत बदललेलं रूप, काढून ठेवा. दोन टिंबांमधला तुकडा ६३ बाइटांपलीकडे जाता कामा नये, आणि ही मोजणी प्युनीकोड रूपाची. डीएचसीपीच्या ऑप्शनांचे नियम सांगणाऱ्या १९९७च्या आरएफसी २१३२ या दस्तऐवजानुसार ऑप्शनमधल्या मजकुराच्या शेवटी शून्य बाइट लावू नये, आलाच तर घेणाऱ्याने तो काढून टाकावा. पण घेणारा तसं करेलच या भरवशावर बसू नका. नेटवर्कवरून बूट होणारी यंत्रं असतील, तर ६७ नंबरच्या ऑप्शनमधलं बूट फाइलीचं नाव नेटवर्कवरचं पॅकेट पकडून स्वतः बघा. ११९ नंबरच्या ऑप्शनमधली सर्च यादी (अर्धवट नावापुढे जोडून पाहायच्या डोमेनांची) हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, भरायची वेळ आली, तर टिंब लिहायचं नसतं: प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी, नावाच्या शेवटी शून्य.

एसएनएमपीतला, म्हणजे नेटवर्कच्या यंत्रांवर लक्ष ठेवायच्या पद्धतीतला, ठिकाणाचा रकानाही आस्कीच. ‘दुसरा मजला, जिन्याजवळ’ हे तिथे रोमनमध्ये लिहा, मराठीत स्विचवर चिठ्ठी चिकटवा. मग घरातला सगळ्यात जुना फोन आणि प्रिंटर आणून जोडून पाहा. प्रिंटरच्या पडद्यावर नुसते चौकोन आले, तर त्याच्यासाठी एक रोमन नावाचं नेटवर्क वेगळं चालू ठेवावं लागेल.