जूनचा खडा मोती, पण कोकणात तो जपायचा कसा?

जूनमध्ये जन्मलेल्यांचा खडा मोती, आणि पत्रिकेत चंद्राचा खडापण मोतीच, मन शांत राहावं म्हणून घालतात. महिन्यांची हल्लीची यादी अमेरिकेतल्या सराफांनी १९१२ साली ठरवलेली आहे, आपली नवरत्नं मात्र ग्रहांवर चालतात, तेव्हा खडा घेताना नक्की कुठल्या हिशोबाने घेताय ते आधी ठरवा.

आता मुद्द्याचं. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की वरची चमक हळूहळू खाल्ली जाते, आणि आपल्या स्वयंपाकघरात तर रोजच कोकम, लिंबू, चिंच. बांगडा माशाला आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळताना बोटात मोत्याची अंगठी नकोच, काढून ठेवा प्लीज! लिंबूने किंवा टूथपेस्टने घासून साफ तर कधीच करू नका. किनाऱ्यावर जातानाही घरीच ठेवा, कारण वाळूत क्वार्ट्झ नावाचं कडक खनिज असतं, १ ते १० च्या मोस मापावर त्याचा कडकपणा ७ आणि मोत्याचा साधारण २.५ ते ४.५, चरे पडणारच.

गौरी-गणपतीत नथ, तन्मणी घालून घामाने भिजलेलं तसंच डबीत टाकतात ना, ते फार वाईट. ओलसर मऊ कापडाने एकेक मोती पुसायचा, रात्रभर सपाट पसरून दोरा पूर्ण वाळू द्यायचा, मग मलमलच्या कापडात गुंडाळायचं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. दोरा सैल झाला, मोत्यांच्या मध्ये फट दिसायला लागली की सरळ पुन्हा गाठवून घ्या, दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगा, तुटलं तरी सगळे घरंगळत नाहीत. पोवळ्यालापण हेच सगळं लागू.