अमेरिकन वसाहतकऱ्याचं कुटुंब कागदांतून कसं शोधावं

फोंड्यात माझ्याकडे इतिहास शिकणाऱ्या मुलांना मी आधी 1862 चा होमस्टेड कायदा सांगते: 160 एकर सरकारी जमीन, अट पाच वर्षं राहून कसायची. मग त्या जमिनीची फाइल उघडा. आपला एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातली जमिनीची नोंद, पाहतो तसं नाव नि क्षेत्र बघून मिटू नका. शेवटच्या पुराव्याची जबानी, म्हणजे अट पुरी झाल्यावर मालकीसाठी दिलेली साक्ष, सावकाश वाचा. घर केवढं, विहीर आहे का, नांगरट किती, पोरंबाळं किती, सगळं तिथंच सापडतं. साक्षीदार बहुधा शेजारीच. त्यांची नावं टिपाच. पुढे 1880 ची जनगणना, कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचं नातं सांगणारी. 1890 ची शोधत बसू नका, ती बहुतेक 1921 च्या आगीनंतर गेली. एकट्या बायकांचे दावे मात्र चुकवू नका. एकवीस वर्षांच्या अविवाहितेलाही स्वतःच्या नावावर जमीन मागता येई.