स्क्रब टायफसचा सिरीयस पेशंट आयसीयूत आलाय? या चुका टाळा

पाऊस ओसरायला लागला की गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडकडनं स्क्रब टायफसचे, म्हणजे माईट नावाच्या बारक्या किड्याची अळी चावून होणाऱ्या तापाचे, पेशंट यायला सुरुवात होते. आठ-दहा दिवसांचा ताप, गावात दोन सलाईन लावून झालेली, आणि आपल्याकडं पोचेपर्यंत धाप लागलेली. प्लेटलेट चाळीस हजार, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) वाढलेलं, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) चढलेलं, आणि फाईलवर आधीच कुणीतरी 'डेंग्यू' लिहून ठेवलेलं असतं. पहिली चूक हीच, एकदा लेबल चिकटलं की पुढं कोण शोधतच नाही.

दुसरी चूक कपड्यांची. मी आधी जिथं ड्युटीला होतो तिथली गोष्ट, पन्नाशीच्या एक काकू, व्हेंटिलेटरवर, नोट्समध्ये 'स्किन नॉर्मल'. रात्री मावशी आणि मी स्पंज करत होतो, कूस बदलताना नाडी बांधतात तिथं कमरेच्या घडीत मसुराएवढी काळी खपली दिसली, भोवती लाल कडं, जणू कुणी विडी टेकवलीय. बाहेर मुलाला विचारलं तर म्हणाला, "ते व्हय, नाडीचा वळ असंल, आई रोज बांधावरची वैरण कापायला जाती." त्या वैरणीतच चिगर, म्हणजे माईटची अगदी बारकी अळी असते, तीच चावते. याला एस्कार म्हणतात, दुखत नाही खाजत नाही, म्हणून पेशंट स्वतःहून कधीच सांगत नाही. तेव्हा काख, जांघ, स्तनाखाली, बेंबी, कानामागं, लघवीच्या जागेजवळ, सगळीकडं टॉर्च मारून बघा. ओलसर घडीत काळी खपली नसतेच कधीकधी, नुसती पांढरट जखम दिसते. आणि नाही सापडली म्हणून स्क्रब नाही असंही नव्हं, बऱ्याच जणांना ती नसतेच.

तिसरी चूक महागडी आहे. ताप उतरेना म्हणून सेफ्ट्रायझोनवरनं मेरोपेनेम या अजून भारी अँटिबायोटिकवर उडी. हा जंतू पेशीच्या आत राहतो, ही औषधं त्याला लागूच पडत नाहीत, बिल तेवढं वाढतं. काकूंना डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ताप नव्हता.

रिपोर्टची वाट बघत बसणं ही अजून एक. वेल-फेलिक्स ही रक्ताची जुनी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, ती टेस्ट बरेच पेशंट चुकवते. आयजीएम एलायझा, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट, बरी, पण पहिल्या पाच-सहा दिवसांत अँटिबॉडीच तयार नसतात, तेव्हा ती निगेटिव्ह येऊ शकते. खपली असेल तर तिचा पीसीआर, म्हणजे जंतूचा जीन शोधणारी टेस्ट, करता येतो. पण शंका आली की डॉक्सी आधी, रिपोर्ट मागनं.

शॉकमधल्या (बीपी पडलेल्या) पेशंटला डॉक्सीची गोळी नाकातल्या नळीतनं, तीपण फीड (नळीतनं दिलं जाणारं पातळ अन्न) आणि कॅल्शियमसोबत देताना मी बघितलंय. दूध, कॅल्शियम, आयर्न, अँटासिड यांच्याबरोबर ती नीट शोषलीच जात नाही, अशा पेशंटला शिरेतनंच पाहिजे. आपल्याच देशातल्या सिरीयस पेशंटवरची एक मोठी ट्रायल २०२३ मध्ये आली, शिरेतनं ७ दिवस नुसती डॉक्सी, नुसती अझिथ्रो (अझिथ्रोमायसिन, दुसरं अँटिबायोटिक), किंवा दोन्ही. मृत्यू, पाचव्या दिवशीही ताप आणि सातव्या दिवशीही कॉम्प्लिकेशन, हे सगळं मिळून धरलं तर दोन्ही दिलेल्यांत ३३ टक्के, एकेकटी दिलेल्यांत ४७-४८ टक्के. मृत्यूत मात्र मोठा फरक दिसला नाही, हेपण सांगायला पाहिजे. गरोदर बाई असेल तर सहसा अझिथ्रो देतात, तिथं सरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

डॉक्सी चालू करून ४८ तास झाले आणि ताप तसाच, तर परत मागं या, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), मलेरिया, सोबतचं दुसरं इन्फेक्शन शोधा.

नातेवाईक विचारतात, "आमाला बी हुईल काय?" माणसापासून माणसाला होत नाही, वेगळी खोली लागत नाही. फक्त त्याच बांधावर गेलेल्या घरातल्या अजून कुणाला ताप आहे का, ते तेवढं विचारून घ्या.