फाल्त्सच्या द्राक्षमळ्यांत चालायला जाताय? आधी वार बघा

जर्मनीत फाल्त्स भागात ट्रेकिंगला जाणार असाल तर आधी वार बघा, मग हवामान. तिथे नॉयश्टाड्ट गावाच्या आसपास पायथ्याला द्राक्षमळे आणि वर लगेच जंगल, चढ म्हणाल तर सिंहगडवाल्यांना अगदीच किरकोळ, स्टेशनवरनं निघून हांबाखच्या किल्ल्यापर्यंत आरामात चालत जाता येतं. 1832 ला लोकशाही मागायला हजारो लोक जिथे जमले होते तोच हा किल्ला.

पण खरी मजा जंगलातल्या 'ह्युटे'मध्ये. या झोपडीवजा खानावळी बऱ्याचदा व्हॉलंटियर चालवतात, त्यामुळे बऱ्याचशा फक्त वीकेंडला आणि बुधवारी उघड्या असतात, आम्ही मंगळवारी गेलो आणि दाराला कुलूप, मग काय, बिस्किटं खाऊन खाली. कॅश ठेवा, कार्ड चालेलच असं नाही. व्हेज असाल तर 'वाइसर केस' मागा, चक्क्यासारखं असतं, वर कांदा, बरोबर ब्रेड किंवा उकडलेले बटाटे. वाइनशोर्ल, म्हणजे सोडा घातलेली वाइन, अर्ध्या लिटरच्या खळ्या-खळ्यांच्या ग्लासात येतं, त्यात सोडा नावालाच, तेव्हा एक ग्लास दोघांत बास.

सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी, अजून फसफसणारी वाइन मिळते, पण गॅस निघायला तिचं झाकण सैलच ठेवलेलं असतं, बाटली सॅकमध्ये आडवी टाकलीत तर टॉवेलसकट सगळं चिकट. आणि मळ्यातली द्राक्षं तोडू नका हं, कितीही लोंबत असली तरी!