राजापूर लोकसभा मतदारसंघाचा इतिहास कसा जुळवाल?

मी कोकणातला, त्यामुळे उदाहरण आमच्या राजापूरचंच घेतो. हा मतदारसंघ 2008च्या पुनर्रचनेत संपला आणि 2009पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला.

आधी वहीत फक्त वर्षं आणि विजयी उमेदवार लिहा. 1957, 1962, 1967 : बॅ. नाथ पै. 1971 ते 1989 सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते. 1991 : सुधीर सावंत. 1996 ते 2004 चार वेळा सुरेश प्रभू. नाथ पै आणि दंडवते दोघेही समाजवादी, त्यामुळे एवढ्यावरूनच दिसतं की इथल्या मतदारांनी समाजवाद्यांना तीन दशकांहून जास्त काळ साथ दिली. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मग निवडणूक आयोगाचे त्या त्या वर्षाचे सांख्यिकी अहवाल उघडा. ते संकेतस्थळावर फुकट मिळतात. मतं, टक्केवारी, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार उतरवून घ्या. पक्षाच्या रकान्याकडे मात्र नीट बघा. 1977ला जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढले, म्हणून अहवालात दंडवत्यांपुढे लोकदल दिसेल. ते खोडू नका. शेजारी ‘जनता’ लिहा. पोटनिवडणुका या अहवालांत नसतात, त्या वेगळ्या शोधा.

हद्दींसाठी परिसीमनाचे, म्हणजे मतदारसंघांच्या पुनर्रचनेचे, आदेश वाचा. नाव तेच राहिलं तरी विधानसभा मतदारसंघ बदलू शकतात, म्हणून दोन काळांतली मतं थेट ताडू नका. सिंधुदुर्ग जिल्हा 1981चा. त्याआधीच्या कागदांत सावंतवाडी, मालवणसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यातच शोधावे लागतात.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्यांकडे बसा. नाथ पैंची सभा ऐकलेली माणसं आता थोडी उरलीत, तेव्हा हे काम आधी केलंत तरी चालेल.