‘वयच झाले’ म्हणण्यापूर्वी

साठीनंतर जिना चढताना धाप लागली, समोरच्याचे बोलणे दोनदा विचारावे लागले किंवा ओळखीचे नाव ऐनवेळी आठवले नाही, की घरातली माणसे आणि पुष्कळदा ती व्यक्ती स्वतःही एकच कारण देऊन मोकळी होते: वय झाले. हे कारण सर्वस्वी खोटे नसते, म्हणूनच ते घातक ठरते. वाढत्या वयाबरोबर शरीरात बदल होतात हे खरे. पण वयाच्या खात्यावर आपण जे जे मांडतो, त्यातला बराच भाग न वापरलेल्या स्नायूंचा, न तपासलेल्या आजाराचा, जुन्या चष्म्याचा किंवा एखाद्या गोळीच्या दुष्परिणामाचा असतो, आणि त्यावर उपाय करता येतो. म्हणून तक्रार कोणतीही असो, तिचे कारण आधी शोधावे आणि शोधूनही काही उरलेच, तर ते वयाच्या नावावर लिहावे.

सुरुवात खुर्चीपासून करावी. हात नसलेली, सरळ पाठीची, साधारण गुडघ्याइतक्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावर बसून दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते मोजावे. त्या वेळी जवळ कोणीतरी असावे. ६० ते ६४ या वयात स्त्रियांना १२ पेक्षा आणि पुरुषांना १४ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पायांतली ताकद त्या वयाच्या सरासरीपेक्षा कमी समजतात. ७० ते ७४ या वयासाठी हेच आकडे १० आणि १२ आहेत. उठताना हाताचा आधार घ्यावाच लागला, तर गुण शून्य धरतात. शून्य आला म्हणून खचू नये, पण तो लपवूही नये. तारीख घालून तो आकडा एका वहीत लिहावा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. रक्तदाबाची नोंद ठेवणारी माणसे पुष्कळ भेटतात, ही नोंद ठेवणारी क्वचितच भेटतात. स्वतःच्या पायांवर, कोणाची वाट न पाहता उठता येणे हाच तर म्हातारपणातल्या स्वातंत्र्याचा पाया आहे, आणि म्हणूनच मला ही नोंद इतकी मोलाची वाटते.

स्नायूंची घट तिशीनंतरच हळूहळू सुरू होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. त्यातही ताकदीपेक्षा चपळाई लवकर ओसरते. ठेच लागल्यावर दुसरा पाय वेळेवर पुढे पडत नाही, तो यामुळे. मात्र स्नायूंना व्यायामाचा प्रतिसाद देण्यासाठी वयाची मर्यादा नसते. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षांच्या व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला गेला, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अभ्यास लहान होता, त्यात दहाच जण होते. परंतु ताकदीच्या व्यायामाचा वृद्धांना होणारा लाभ त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांत पुनःपुन्हा दिसून आला आहे.

त्यासाठी व्यायामशाळा लागतेच असे नाही. खुर्चीवरून उठणे आणि बसणे हाच पहिला व्यायाम करावा: उठताना झटकन, बसताना सावकाश, आठ ते दहा वेळा, आणि थोडी विश्रांती घेऊन अशा दोन-तीन फेऱ्या. दुसरा व्यायाम भिंतीला तळहात टेकवून छाती भिंतीकडे नेण्याचा आणि परत ढकलण्याचा, तिसरा ओट्याला धरून टाचा उचलण्याचा, आणि चौथा पाण्याने भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन खांद्यापर्यंत उचलण्याचा. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना जोर लावावा लागत नसेल, तर व्यायाम हलका झाला आहे असे समजून वजन किंवा आवर्तने वाढवावीत. श्वास रोखून धरू नये. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे ठणकले तर काळजीचे कारण नाही. सांध्यात तीव्र कळ येणे, छातीत दुखणे किंवा भोवळ येणे ही मात्र तत्काळ थांबण्याची खूण आहे. हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आरंभ डॉक्टरांना विचारूनच करावा.

रोज तासभर चालणाऱ्या अनेकांना आपला व्यायाम पूर्ण झाला असे वाटते. चालणे उत्तमच आहे. पण त्याने हृदय आणि फुप्फुसे जितकी सुधारतात, तितकी मांड्यांची ताकद आणि तोल सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीनंतरच्या व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारी हालचाल, असे तिन्ही सांगितले आहे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ती गती मध्यम समजावी. तोलासाठी भिंतीजवळ उभे राहून एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावावी आणि तसेच स्थिर राहण्याचा सराव करावा. तो जमला की एका पायावर उभे राहावे.

व्यायामाला प्रथिनांची जोड नसेल तर स्नायू बांधले जात नाहीत. ज्येष्ठांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. भूक मंदावल्यावर ताटातून नेमके दूध, डाळी, अंडी किंवा मासे असे प्रथिनांचे पदार्थच आधी कमी होतात, म्हणून ते तिन्ही वेळच्या खाण्यात थोडे थोडे विभागावेत. तहानेची जाणीवही बोथट होते. तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी प्यावे, अर्थात डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी उतरले, तर कपडे सैल झाल्याचे समाधान न मानता तपासणी करावी.

पडणे हा योगायोग नसतो, त्याची कारणे बहुधा आधीपासून घरात आणि औषधांच्या डब्यात असतात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून अंथरुणापासून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा, तिथे सुटी पायपुसणी नसावीत आणि नळाशेजारी भिंतीत घट्ट बसवलेला दांडा असावा. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक अंकांनी खाली येत असल्यास डॉक्टरांना सांगावे. वर्षातून एकदा घरातली सगळी औषधे, सर्दीच्या, झोपेच्या आणि परस्पर विकत घेतलेल्या गोळ्यांसह, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि प्रत्येक गोळी आजही लागते का, असे स्पष्ट विचारावे. झोपेच्या आणि काही सर्दीच्या गोळ्यांनी ज्येष्ठांमध्ये गोंधळ, विसर आणि तोल जाणे उद्भवते, आणि त्याचे खापर पुन्हा वयावरच फुटते. मात्र एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्याच भेटीत फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण यांच्या लसींबद्दल विचारून घ्यावे.

ऐकू कमी येण्याबद्दल मला अधिक आग्रहाने लिहावेसे वाटते, कारण यात होणारा उशीर फार महागात पडतो. चष्मा लागला की आपण तो सहज लावतो. श्रवणयंत्राची मात्र लाज वाटते. बोलणे नीट कळेना झाले, की माणूस आधी गर्दीत जाणे टाळतो, मग घरच्यांच्या गप्पांतून उठून जातो, आणि बाकीचे त्याला तुसडा किंवा विसराळू ठरवतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरील आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा सुधारता येण्याजोगे चौदा धोके मांडले. त्यांत ऐकू कमी येणे, दृष्टीदोषावर उपचार न होणे, एकटेपणा, नैराश्य आणि शारीरिक निष्क्रियता हे सगळे आहेत. हे सर्व धोके दूर झाले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे. श्रवणयंत्र पहिल्या दिवशी कर्कश वाटते, कारण मेंदूला त्या आवाजांची सवय सुटलेली असते; ते कपाटात ठेवून न देता रोज थोडा वेळ वाढवत काही आठवडे वापरावे.

मनाचेही असेच आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या ६६० जणांच्या दीर्घ अभ्यासात, स्वतःच्या वार्धक्याकडे चांगल्या दृष्टीने पाहणारी माणसे इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळले. केवळ दृष्टीमुळेच आयुष्य वाढले, असे यातून सिद्ध होत नाही. पण ‘आता आपले काय राहिले’ असे म्हणणारा माणूस व्यायाम आणि उपचार दोन्ही सोडून देतो, हे आपण आजूबाजूला पाहतोच. मन प्रसन्न ठेवा, असा उपदेश मला निरुपयोगी वाटतो. त्याऐवजी आठवड्यात एक तरी असे काम पत्करावे, ज्यासाठी कोणीतरी आपली वाट पाहत असेल: मुलांना शिकवणे, एखाद्या आजाऱ्याला ठरल्या वारी भेटणे, बागेची देखभाल. जोडीदार गेल्याचे किंवा मित्र दुरावल्याचे दुःख झाकून हसतमुख राहण्याची सक्ती मात्र स्वतःवर करू नये. तरीही दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटेना, झोप आणि भूक बिघडली, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो वार्धक्याचा स्वभाव नसून नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत आणि ते लवकर घ्यावेत.

शेवटी आजारपणाविषयी, कारण चांगली घडी बसल्यावर ती मोडते ती बहुधा तिथेच. निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू कमी झाल्याचे एका प्रयोगात दिसले आहे. म्हणून ताप किंवा शस्त्रक्रियेनंतर कधीपासून उठायचे, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे आणि त्यांची परवानगी मिळताच जेवण खुर्चीवर बसून घ्यावे. बरे वाटू लागले की खुर्चीची चाचणी पुन्हा करावी, नवा आकडा वहीत जुन्या आकड्याखाली लिहावा आणि नेहमीच्या निम्म्या व्यायामाने आरंभ करावा. सहा आठवड्यांनंतरही जुना आकडा गाठता आला नाही, तर ती वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जावे.