टीव्हीचा पॉवर सप्लाय घरी उघडताय? या चुका टाळा

टीव्ही मेला की फ्यूज बघायचा, उडालेला दिसला की नवा टाकायचा, तोही उडाला की तांब्याची तार गुंडाळायची. या तिसऱ्या पायरीपायी चांगले बोर्ड भंगारात जातात.

परळच्या चाळीतला एक ३२ इंची टीव्ही घ्या. लाइट गेली, झटक्यात परत आली, टीव्ही ठप्प. टी ३.१५ ए चा (३.१५ अँपिअरचा, जरा दमाने उडणारा) फ्यूज उडून काच आतून काळी झालेली. काळी काच म्हणजे पुढे दणदणीत शॉर्ट, ही खूण होती. तरी नवा फ्यूज टाकला, तोही गेला, मग तार लावली. प्लग घातला आणि फट्! फ्यूजशेजारचा निळा चकतीसारखा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) फुटला, खालची तांब्याची पट्टी उचकटली, बोर्ड कोळसा झाला. शॉर्ट होता तो तेवढा व्हॅरिस्टरच, काही रुपयांचा. आता जळका भाग खरवडून काढल्याशिवाय बोर्ड वापरता येत नाही, कारण कोळशातूनही करंट वाहतो.

म्हणून फ्यूज बदलण्याआधी मल्टिमीटर. प्लग काढून, मोठा कंडेन्सर रिकामा करून (कसा, ते पुढे) व्हॅरिस्टर, ब्रिजचे म्हणजे एसीचं डीसी करणारे चारही डायोड आणि मॉस्फेटचे, म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचे, ड्रेन-सोर्स पाय मीटर बीपवर ठेवून तपासा. कुठेही बीप आला तर फ्यूज टाकूच नका. मॉस्फेट शॉर्ट असेल तर सोर्स पायाचा अर्ध्या ओमाखालचा रेझिस्टर आणि त्याला चालवणारी कंट्रोलर आयसीही बघा, नाहीतर नवा मॉस्फेटही पहिल्याच प्लगला जाईल. सगळं ठीक वाटलं की पहिला प्लग ६० वॉटच्या पिवळ्या, तारेच्या बल्बच्या सिरीजमध्ये. बल्ब लखलखून मंद झाला तर बरं, तसाच पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही.

दुसरी चूक अंगावर बेतणारी. ‘प्लग काढलाय ना, आता काय होतंय!’ मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात, पीएफसी (व्होल्टेज आणखी चढवणारा भाग) असेल तर ४०० च्या आसपास. त्यातही बंद पडलेला सप्लाय जास्त धोक्याचा, कारण साठलेला चार्ज ओढायला पुढे कोणी नसतं. स्क्रूड्रायव्हरने पाय जोडणारे ठिणगीवर खूश होतात आणि पट्टी उडवतात. १० किलोओम, १० वॉटचा रेझिस्टर प्लास्टिकच्या पकडीत धरून पाच-सात सेकंद लावा, मग मीटरवर शून्य बघा. मीटरशिवाय विश्वास ठेवू नका. आणि प्लग लावून मोजायचं असेल तर घरात दुसरं कुणी असू द्या.

फुगलेला कंडेन्सर दिसला तर बदलाच, पण सपाट टोपी म्हणजे तो धडधाकट, असं धरू नका. सकाळी दोन-तीनदा टीव्हीवरची स्टँडबायची लाइट मिचकावून मग टीव्ही सुरू होत असेल तर ५ आणि १२ व्होल्टच्या बाजूचे कंडेन्सर आधी संशयित. नवा घेताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर, १०५ डिग्री आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला). लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना खिशात ठेवा. उंची जास्त निघाली तर मागचं कव्हर बसत नाही. जुन्या बोर्डातून काढलेला माल नको. लावताना कंडेन्सरच्या अंगावरच्या पट्टीची बाजू निगेटिव्ह.

स्टँडबायमध्ये १२ व्होल्ट मिळत नाहीत म्हणून सप्लाय मेला, असंही ठरवू नका. ज्या बोर्डावर पीएस-ऑन (सप्लाय चालू करणारी) पिन आहे, तिथे मेन बोर्डाचा हुकूम आल्याशिवाय १२ व्होल्ट येत नाहीत. मेन बोर्डाची केबल काढा आणि स्टँडबायचे ५ व्होल्ट १ किलोओममधून त्या पिनला द्या. १२ आले तर दोष बहुतेक मेन बोर्डात.

आउटपुट मोजताना मीटरची काळी वायर मोठ्या कंडेन्सरच्या निगेटिव्हला लावू नका. ती प्रायमरीची, म्हणजे थेट मेन्सची बाजू, आउटपुटचं ग्राउंड वेगळं.

आवाज येतो आणि टॉर्च मारली की अंधुक चित्र दिसतं? मग बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचे दिवे बघा.

आख्खा बोर्डच बदलत असाल तर टीव्हीच्या मॉडेलवर जाऊ नका, बोर्डावरचा नंबर जुळवा. एकाच मॉडेलमध्ये पॅनेल बदललं की बोर्डही बदललेला असू शकतो.